बदली बाबांची, शाळा लेकीची

गोष्ट २०२३ च्या मे महिन्यातली. संध्याकाळची वेळ, गॅसवर आमटीला नुकती उकळी आलेली. तेवढ्यात कोकण भवनातून यांचा फोन आला, ‘‘ऑर्डर निघाली. माणगाव.’’ एवढंच. मी गॅस बारीक केला आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिले. सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. २००५ च्या कायद्यानं बदल्यांचा हंगाम एप्रिल-मे ठरवून दिलाय. एका जागी तीन वर्षं होत आली की आमच्यासारख्या घरांत मार्चपासूनच कॅलेंडरकडे डोळे लागतात. त्यामुळे बातमी काही अगदीच अनपेक्षित नव्हती. पण टेबलाशी बसलेल्या आमच्या थोरलीनं मान वर न करता विचारलं, ‘‘आणि माझी नववी?’’

त्या प्रश्नाचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. धाकटा सहावीत जाणार होता, त्याची फारशी काळजी नव्हती. लहान मुलं कुठंही रुळतात. पण नववी-दहावीच्या मुलांचं तसं नसतं. त्यांच्या मैत्रिणी ठरलेल्या, शिक्षक ठरलेले, अभ्यासाची भाषा ठरलेली. आणि डोक्यावर बोर्डाची परीक्षा! अशा वयात मुलांना घेऊन गावी जायचं तर शाळा कशी निवडायची, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. जे शिकलो ते चुकून शिकलो. म्हणून हा लेखप्रपंच.

‘तिकडे शाळा तरी आहे का?’

आमचं घर सीबीडी बेलापूरला. कोकण भवन, सिडको भवन, कोकण रेल्वेचं मुख्यालय, सगळं हाकेच्या अंतरावर. मागे पारसिकचा डोंगर. सिडकोनं नवी मुंबई आखताना शाळांसाठी, मैदानांसाठी जागा राखून ठेवल्या होत्या. त्यामुळे थोरली पहिलीपासून चालत शाळेत गेली. रस्ता ओलांडला की शाळेचं फाटक! शाळा किती लांब, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता.

सासूबाई मात्र शांत होत्या. ऐंशीच्या दशकात त्या दादर सोडून नवी मुंबईत राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या जावांनी हाच प्रश्न विचारला होता, ‘‘तिकडे शाळा तरी आहे का?’’ सिडकोची स्थापना १९७० ची, पण खाडी ओलांडून वाशीला लोकल आली ती १९९२ मध्ये. तोवर मुंबईच्या माणसांना हे सगळं रानच वाटायचं. सासूबाई हसून म्हणाल्या, ‘‘माझी मुलं शिकलीच ना? शाळा असते गं सगळीकडे. आपली आहे का, ते बघावं लागतं.’’

तेव्हा मला ते वाक्य नीटसं कळलं नव्हतं.

सल्ल्यांचा पाऊस

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘तू मुलांना घेऊन इथेच राहा. हे शनिवार-रविवार येतील.’’ माझी बहीण म्हणाली, ‘‘थोरलीला माझ्याकडे ठेव, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.’’ यांच्या ऑफिसातले म्हणाले, दहावीपर्यंत बदली पुढे ढकलायचा अर्ज करा. कुणी वसतिगृहाचं नाव सुचवलं.

एकही सल्ला चुकीचा नव्हता. पण दोन घरं चालवायची तर दोन भाडी, दोन किराणे, आणि आठवड्यातून दोनदा भेटणारे बाबा. बहिणीकडे ठेवायचं तर चौदा वर्षांची मुलगी. या वयात तिला आई हाताशी लागते, हे कुणी सांगायला नको. शेवटी आम्ही ठरवलं, सगळे जाऊ. माणगावपासून सहा-सात किलोमीटर आत एका गावात यांच्या चुलत काकांचं बंद घर होतं. अंगण, मागे दोन आंबे, विहीर. मला तर फोटो पाहूनच आनंद झाला!

आणि शाळा? ती आम्ही इंटरनेटवर निवडली. हीच आमची पहिली चूक.

चकचकीत इमारत, लांबचा रस्ता

थोरली इंग्रजी माध्यमात शिकलेली. आमचा हिशेब सरळ होता, माध्यम बदलायचं नाही. मग शोधून शोधून चोवीस किलोमीटरवरची एक खासगी इंग्रजी शाळा सापडली. नाव इथे घेत नाही. त्यात त्या शाळेपेक्षा आमच्या घाईचा दोष जास्त होता. रंगवलेली इमारत, दारात पिवळ्या गाड्या, भिंतीवर संगणक कक्षाचे फोटो. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन आलो. शाळा बंदच होती. मुलं नाहीत, शिक्षक नाहीत, फक्त कार्यालयातले एक गृहस्थ. त्यांनी फीचा कागद दिला, आम्ही पैसे भरले.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि हिशेब कळायला लागला. व्हॅन सकाळी सव्वासहाला यायची. म्हणजे मी साडेचारला उठायची, ती सव्वापाचला. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलेलं, त्यात पावसाळ्यातले खड्डे. व्हॅनमध्ये तिला रोज मळमळायचं. परत यायला कधी चार, कधी पाच. आल्यावर दप्तर टाकून तशीच झोपायची. अभ्यास रात्री आठनंतर. ऑगस्टपर्यंत विज्ञानाचे दोन शिक्षक बदलले होते. प्रयोगशाळेला कुलूप होतं ते होतंच.

पण त्याहून वाईट गोष्ट मला उशिरा दिसली. गावात तिची एकही मैत्रीण नव्हती. शाळेतल्या मुली तिकडच्या, गावातल्या मुली दुसऱ्या शाळेतल्या. धाकटा मात्र गावच्याच हायस्कुलात सहावीला बसला होता. पंधरा दिवसांत त्याचं ‘आमच्या शाळेत’, ‘आमचे सर’ सुरू झालं. संध्याकाळी अंगणात त्याची सहा-सात मुलं खेळायची आणि थोरली खिडकीत बसून मोबाइल बघायची. एकाच घरात एक मूल गावात राहत होतं आणि एक नुसतं झोपायला येत होतं.

‘मला कुणी विचारलंच नाही’

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी तिला रागावले. मार्क घसरले होते. ती रडली नाही, ओरडलीही नाही. फक्त म्हणाली, ‘‘आई, घर तुम्ही ठरवलं, शाळा तुम्ही ठरवलीत. नववीत मी आहे ना? मला कुणी विचारलंच नाही.’’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. साडी घेताना आम्ही तिला रंग विचारतो. पण तिच्या आयुष्यातली दोन वर्षं ठरवताना तिला शेजारच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. लहान मुलासाठी शाळा आपण निवडतो, ते ठीकच आहे. मोठ्या मुलांसाठी मात्र ती त्यांच्यासोबत बसूनच निवडावी लागते. ज्या शाळेला तिनं स्वतः ‘हो’ म्हटलेलं असतं, तिथल्या अडचणी ती सोसते. आपण लादलेल्या शाळेतला छोटा खडाही तिला टोचतो.

सुट्टी संपायच्या आत आम्ही तिघं गावच्या हायस्कुलात गेलो. कौलारू इमारत, पुढे मोठं मैदान, कडेला मुलांच्या सायकली. मुख्याध्यापकांनी आम्हाला बसायला सांगितलं आणि खुर्ची फिरवून तिच्याकडे पाहिलं. ‘‘तुला काय अवघड जाईल असं वाटतं, बाळ?’’ तिनं जरा वेळ विचार केला आणि सांगितलं, ‘‘इतिहास-भूगोल. मराठीतून लिहायची सवय नाही.’’ सर म्हणाले, ‘‘बरं. मग गणित-विज्ञान अवघड जाणार नाही ना? ते आपल्याकडे इंग्रजीतूनच आहे.’’

ही गोष्ट आम्हाला मेमध्ये कुणी सांगितली असती तर! आपल्याकडे गावोगावच्या मराठी शाळांत आता सेमी-इंग्रजीचे वर्ग असतात. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. राज्य मंडळाच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलाला गणित-विज्ञानाची बालभारतीची पुस्तकं तीच राहतात. बदल होतो तो इतर विषयांत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी दुसरी भाषा असते, त्यांचं पुस्तक ‘अक्षरभारती’. मराठी माध्यमात मराठी प्रथम भाषा, पुस्तक ‘कुमारभारती’. ते जरा जड जातं. उलट इंग्रजी तिथे तृतीय भाषा म्हणून शिकवतात, ते अशा मुलांना सोपं जातं. म्हणजे एका बाजूला चढ असतो तसा दुसऱ्या बाजूला उतारही असतो! माध्यम बदललं की सगळं बुडालं, असं आम्ही समजून बसलो होतो. प्रत्यक्षात अवघड विषय तीनच निघाले.

सरांनी कपाटातून आठवीची मराठी, इतिहास, भूगोलाची जुनी पुस्तकं काढून दिली. ‘‘डिसेंबरपर्यंत नुसती मोठ्यानं वाच. लिहिण्याचं मागून बघू.’’ तिनं परत येताना पुस्तकं स्वतःच्या हातात धरली होती. मला ती धरू दिली नाहीत.

नववीतच निर्णय घेतला हे बरं झालं. दहावीत शाळा बदलायची तर मंडळाची परवानगी लागते. सीबीएसईतही नववी आणि अकरावीला नोंदणी होते, दहावी-बारावीत थेट प्रवेशाला पालकांच्या बदलीसारखं सबळ कारण आणि मंडळाची परवानगी हवी. म्हणून जायचंच असेल तर नववीच्या सुरुवातीला जावं, नाहीतर दहावी आटोपून जावं. मधला काळ मुलांचा जीव काढतो.

उलट्या वाटेवरच्या आया

माणगावला बाजाराला गेले की एक गोष्ट दिसायची. स्टँडच्या मागच्या गल्ल्यांत एकेका खोलीत आई आणि दोन-तीन मुलं. आई गावाकडची, घर-शेती तिकडे. नवरा आणि सासू-सासरे वाडीवर, ही मुलांच्या शाळेसाठी खोली घेऊन इथे. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत फार तर सातवी-आठवीपर्यंत असते. पुढं हायस्कूल लांब, पावसाळ्यात ओढा आडवा. मग मुलं शिकावीत म्हणून आई संसार दोन जागी मांडते.

त्यातल्याच एकीशी भाजीच्या गाड्यावर ओळख झाली. मी बेलापूरहून आले हे ऐकून ती चकितच झाली. ‘‘आम्ही पोरांसाठी वर वर सरकतोय, आणि तुम्ही खाली आलात?’’ मला काय बोलावं कळेना. ती पुढे म्हणाली, ‘‘ताई, रोप उशिरा लावलं तरी धरतं. पण मग त्याला पाणी जास्त लागतं, लक्ष जास्त लागतं. तुमची पोरगी उशिराचं रोप आहे.’’

भाताच्या रायगड जिल्ह्यात वाढलेल्या बाईची ही उपमा. मी इतकी पुस्तकं वाचली, पण किशोरवयीन मुलांच्या शाळाबदलाबद्दल याहून नेमकं काही कुठे वाचलेलं आठवत नाही.

गावाकडच्या शाळा म्हणजे कमीच, हा आपला समज तसा खराही नाही. राज्य मंडळाचं रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं कोकण विभागीय मंडळ झालं. २०१२ पासून त्याचे निकाल वेगळे लागतात आणि ते वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२५ च्या दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकणचा ९८.८२. आमचा रायगड मुंबई विभागात मोडतो, तरी शेजारचा हा दाखला विसरू नये. नुसती उत्तीर्णांची टक्केवारी म्हणजे शिक्षण नव्हे, हे मान्य. पण बाके मोडकी असली की शिकवणंही मोडकं असतं, असं काही नाही.

आधी गेलेले

शहरातून मुलांना घेऊन गावी जाणारे आम्हीच पहिले थोडेच होतो! डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७० च्या दशकात भामरागडच्या जंगलात हेमलकशाला गेले. १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा सुरू झाली आणि त्यांची स्वतःची मुलं त्याच शाळेत माडिया मुलांच्या शेजारी बसून शिकली. पुढे दिगंत डॉक्टर झाले, अनिकेत इंजिनीअर, आणि दोघंही हेमलकशाच्या कामातच आले. दापोली तालुक्यातलं चिखलगाव हे लोकमान्य टिळकांचं मूळ गाव. तिथे डॉ. राजा आणि रेणू दांडेकर हे जोडपं जाऊन राहिलं आणि त्यांनी शाळाच उभी केली. त्याही आधी, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती खेड्यातल्या मुलाला शहरात जावं लागू नये म्हणूनच. आज रयतच्या शाळा नवी मुंबईतही आहेत आणि रायगडच्या खेड्यांतही.

ही फार मोठी माणसं. आपण बदलीच्या कागदावर जाणारी साधी माणसं. तेव्हा त्यांच्याशी तुलना नको. पण त्यांच्यापासून एक गोष्ट घेता येते. त्यांनी आपल्या मुलांसाठी गावात वेगळं शहर उभं केलं नाही, मुलांना गावच्या मुलांमध्येच बसवलं. आम्ही चोवीस किलोमीटरवर बेलापूर शोधायला गेलो होतो, आणि ते तिथे नव्हतंच.

काय गेलं, काय मिळालं

सगळं गोड गोड झालं, असं मी सांगणार नाही. थोरलीचं बॅडमिंटन सुटलं. बेलापुरात ती रोज संध्याकाळी खेळायची, गावात कोर्टच नाही. वाचनालय नाही. वीज गेली की इंटरनेट जातं. दहावीला जेवढे मार्क आम्ही बेलापुरात असताना मनात धरले होते, त्यापेक्षा चार-पाच टक्के कमीच पडले. त्यातले बरेचसे इतिहास आणि मराठीत गेले. ती म्हणाली, ‘‘नववीचे पहिले पाच महिने मिळाले असते तर आणखी आले असते.’’ खरं आहे ते. ती चूक तिची नव्हती.

पण मिळालंही पुष्कळ. वर्गातली एक मुलगी तीन किलोमीटर चालत यायची. तिनं हिला ‘कुमारभारती’ची उत्तरं मराठीत कशी सजवून लिहायची ते शिकवलं, हिनं तिला न घाबरता इंग्रजी बोलायला. दोघींनी दहावीचा अभ्यास आमच्या पडवीत केला. पहिल्यांदा घरी आली तेव्हा ती मुलगी दारात चपला काढून पाच मिनिटं उभीच होती, ‘येऊ का?’ विचारायला लाजत होती. निकालाच्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात येऊन डब्यातला लाडू स्वतः काढून घेतला.

आणि एक. शिक्षक संध्याकाळी रस्त्यात भेटतात. ‘‘आज बीजगणितात गप्प होतीस, बरं नाही का?’’ असं विचारतात. बेलापुरात तिच्या शिक्षकांना मी पालकसभेतच भेटायची.

दहावी झाल्यावर खरा प्रश्न पुन्हा आला, अकरावीचा. ही गोष्ट गावी जाणाऱ्या प्रत्येकीनं आधीच पाहून ठेवावी. गावात हायस्कूल असतं, पण विज्ञान शाखेची अकरावी बहुधा तालुक्याच्या ठिकाणीच. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. पूर्वी ही भानगड मुंबई-पुण्यासारख्या काही मोठ्या शहरांतल्या मुलांपुरती होती. आता तालुक्यातल्या मुलींनाही अर्ज भरून पसंतीक्रम द्यावा लागतो. या वेळी आम्ही चहा ठेवला आणि थोरलीला मधल्या खुर्चीत बसवलं. बेलापूरला मावशीकडे जायचं, की माणगावला राहायचं? तिनं दोन दिवस मागितले. मग सांगितलं, ‘‘माणगाव. सीईटीसाठी लागेल ते ऑनलाइन बघेन. नाही जमलं तर बारावीनंतर जाईनच ना बाहेर.’’ यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते गप्प बसले!

शाळा पाहायला जाताना

आम्ही ठेचा खाऊन शिकलो, तुम्हाला खाव्या लागू नयेत. म्हणून हे थोडं.

* शाळा भरलेली असताना पाहा. सुट्टीत फक्त भिंती दिसतात. मधल्या सुट्टीत अर्धा तास मैदानाच्या कडेला उभं राहिलात तरी पुष्कळ कळतं. मुलाला सोबत न्या आणि त्याला प्रश्न विचारू द्या.

* इमारतीआधी रस्ता पाहा. शक्य असेल तर पावसात. किती वाजता निघायचं, किती वाजता परत, मध्ये ओढा-साकव आहे का, एसटी चुकली तर पुढची कधी. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, मुलांना सवलतीचा. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी वेगळ्या गाड्याही आहेत. आगारात चौकशी करा.

* गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हे स्पष्ट विचारा. पटसंख्या घसरत असेल तर शिक्षकांची पदंही कमी होतात. विचारायला संकोच करू नका, चांगले मुख्याध्यापक खरं ते सांगतात.

* मुलींचं स्वच्छतागृह स्वतः आत जाऊन पाहा. पाणी येतं का, कडी लागते का. पाळीच्या दिवसांत मुलगी शाळा बुडवणार की नाही, ते इथेच ठरतं.

* मंडळ बदलत असेल तर वेळ धरून ठेवा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाचं आपल्याकडे जूनच्या मध्यावर. मधले दोन महिने मराठी वाचायला सोन्यासारखे.

* जुनी शाळा सोडताना दाखला तिथेच उभं राहून वाचा. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात यातली एकही चूक नंतर दुरुस्त करायची म्हणजे खेटे घालणं आलं. निकालपत्रकं आणि आधारची प्रत सोबत ठेवा, शाळेच्या ऑनलाइन नोंदीतून मुलाचं नाव नव्या शाळेकडे वर्ग झालं का, तेही विचारा. आठवीपर्यंत, म्हणजे सहा ते चौदा वयाच्या मुलांना दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा तसं सांगतो.

* नवोदय विद्यालयाची माहिती वेळेत काढा. आमच्याच माणगाव तालुक्यात निजामपूरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत असताना, त्याच जिल्ह्यातल्या शाळेतून द्यावी लागते. बेलापूर पडलं ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे धाकट्याची ती संधी हुकली. रिकाम्या जागांवर नववीलाही प्रवेश असतो, त्याची परीक्षा आठवीत.

* आणि शेवटचं, अकरावी कुठं करणार याचा विचार नववीतच करा.

पुढची बदली

माणगावला आल्याला तीन वर्षं होत आली आणि आमच्या घरात पुन्हा कॅलेंडरकडे डोळे लागले. धाकटा तेव्हा आठवीत होता, म्हणजे पुढे त्याची नववी! एका रात्री जेवताना यांनी सहज विषय काढला, ‘‘आता रत्नागिरी टाकतील की सिंधुदुर्ग, कोण जाणे. तिकडे शाळा बघायला पाहिजेत.’’

धाकट्यानं आमटीचा वाटा खाली ठेवला. ‘‘मीपण येणार बघायला. आणि मे महिन्यात नाही हं, शाळा सुरू असताना.’’

थोरली ताटात बघत हसत होती. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘बघ, आता त्याला कळलं. शाळा सगळीकडे असते, आपली आहे का ते बघायचं.’’ या वेळी ते वाक्य मला नीट कळलं.